भावोजींचे कान

रत्नागिरीत भर मे महिन्यात पंखा बंद करून गाणं ऐकणारा माणूस आजवर एकच झाला आणि तो माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. इथला मे ज्याने काढला आहे त्याला मी काय म्हणतो ते कळेल. बाकीच्यांनी एवढंच समजावं की आंघोळ करून टॉवेल वाळत घालेपर्यंत माणूस पुन्हा भिजलेला असतो. पण भावोजींच्या बाहेरच्या खोलीत तबकडी फिरू लागली की पंखा बंद, खिडक्या बंद, फ्रिजसुद्धा बंद, कारण फ्रिजची घरघर म्हणे खालच्या षड्जात मिसळते. पाहुणा घामाने निथळत खुर्चीत बसलेला आणि भावोजी डोळे मिटून, एक बोट वर करून उभे. मधेच ते बोट थरथरायचं आणि भावोजी कुजबुजायचे, "ऐकलंस? तंबोऱ्याची जवारी, ती बारीक झणक. तारेवरून मुंगी चालल्यासारखी." आपण मान डोलवायची. मी तीस वर्षं डोलवली.

भावोजी मूळचे केळशीचे. इथल्या एका कॉलेजात त्यांनी जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलं. ध्वनी हा धडा त्यांनी फळ्यावर शिकवला आणि घरी पाळला. लाकडी स्टँड दमट हवेत फुगतं म्हणून त्यांचे दोन्ही स्पीकर केळशीहून तासून आणलेल्या जांभ्याच्या चिऱ्यांवर उभे असत. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर ताईच्या गोधड्या टांगलेल्या. श्रावणात गारठा पडला की ताई एखादी उतरवायला जायची, तर हे शांतपणे म्हणायचे, "अगो, भिंतीलाही लागते." पावसाळ्यात तबकड्यांना बुरशी धरे. मग त्या रिठ्याच्या पाण्याने धुऊन स्वयंपाकघरातल्या ताटाळ्यात वाळत ठेवायच्या आणि ताईची ताटं तोवर पलंगावर. ते स्पीकर मुंबईहून आणले तेव्हा मी सोबत होतो. एसटीत त्यांनी स्पीकरांची दोन तिकिटं काढली आणि त्यांना शेजारी शेजारी बसवलं. खेडला एक वयस्क गृहस्थ चढले आणि जागा मागू लागले. भावोजींनी तिकिटं दाखवली, "हे दोघे रत्नागिरीपर्यंत आहेत," असं सांगितलं आणि स्वतःची जागा त्या गृहस्थांना देऊन पुढचा सगळा घाट उभ्याने काढला. आम्ही उतरेपर्यंत कंडक्टर त्यांच्याशी बोलला नाही.

अशा माणसाचा गाण्यावरचा जीव उडेल असं कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. तो उडाला तो रातकिड्यांमुळे.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी भावोजींनी एक सिद्धांत मांडला होता. रत्नागिरीतले रातकिडे संपत चालले आहेत, आणि त्याला आंब्यावरची फवारणी जबाबदार आहे. या विषयावर त्यांनी इथल्या एका वर्तमानपत्राला तीन पत्रं लिहिली, दोन छापून आली. बागायतदार मित्रांशी ते या मुद्द्यावरून अबोला धरून होते. एका पावसाळ्यात, दिवेलागणीला, मी त्यांच्या पडवीत चहा पीत बसलो होतो आणि ते मला हाच विषय समजावत होते. "ऐक," ते म्हणाले, "पाच वर्षांपूर्वी याच वेळी इथे बोलता यायचं नाही इतकी किरकिर असायची. आता बघ, किती शांत." त्या वेळी चारी बाजूंनी रातकिडे असे काही पेटले होते की त्यांचं वाक्य मला कान पुढे करून ऐकावं लागलं. मी ताईकडे बघितलं. तिने कप गोळा करता करता मान खाली घातली. तिला बहुधा आधीपासून ठाऊक होतं. मी म्हणालो, "भावोजी, ते ओरडताहेत. आत्ताही." ते पायऱ्या उतरून कुंपणापर्यंत गेले, तिथे वाकून उभे राहिले आणि परत आले. चहा त्यांनी तसाच ठेवला.

कानाच्या डॉक्टरीणबाई त्यांच्याच विद्यार्थिनी निघाल्या. तपासणी झाल्यावर त्यांनी एक आलेख पुढे केला आणि म्हणाल्या, "सर, हा तुम्हाला मी काय समजावणार." रेघ अर्ध्यापर्यंत सरळ गेली होती आणि पुढे कड्यावरून उडी टाकल्यासारखी खाली आली होती. वरच्या पट्टीतलं जवळजवळ सगळं गेलं होतं, आणि ते काल-परवा गेलेलं नव्हतं. परत येताना रिक्षात भावोजी एवढंच म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी लोकांना जे ऐका म्हणून सांगत होतो, ते मला ऐकू येतच नव्हतं. आठवणीतून ऐकत होतो मी." त्यांना धीर द्यावा म्हणून मीही माझी चोरी कबूल केली. म्हटलं, "भावोजी, ती जवारी मला कधीच ऐकू आली नाही. मी नुसती मान हलवायचो." हे ऐकून माणसाला बरं वाटेल असा माझा अंदाज होता. ते दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत.

कानातलं यंत्र त्यांनी लावून बघितलं. बोलणं बरं ऐकू यायचं, पण गाणं म्हणे पत्र्याच्या डब्यात कोंडल्यासारखं वाटे. एक दिवस त्यांनी प्लेअर, अँप्लिफायर, स्पीकर सगळ्यांवर चादरी घातल्या, भिंतीवरच्या गोधड्या उतरवून ताईच्या हवाली केल्या, आणि पंखा लावला. जवळजवळ तीन वर्षं तो पंखा फिरत होता. पाहुण्यांना त्या घरात पहिल्यांदाच सुखाने बसता येऊ लागलं आणि गंमत अशी की पाहुणे येईनासे झाले. भावोजी शब्दकोडी सोडवू लागले, बातम्या बघू लागले, बाजारात जाऊन मासळीवाल्यांशी उगाच वाद घालू लागले. मुलाने मुंबईहून फोनवर हवं ते गाणं लागेल अशी सोय करून दिली. त्यांनी एका संध्याकाळी तीस गाण्यांची पहिली ओळ ऐकली आणि फोन पालथा घातला. "सगळं आहे," ते मला म्हणाले, "मीच तेवढा नाही त्यात."

मग गेल्या पावसाळ्यात ताई मागच्या दारच्या शेवाळावरून घसरली. घोट्याचं हाड मोडलं, प्लास्टर घातलं. आतल्या खोलीला दोन पायऱ्या आहेत, म्हणून तिची खाट बाहेरच्या खोलीत आणली, बरोब्बर त्या चादरी घातलेल्या सामानासमोर. तिसऱ्या दिवशी मी पेज घेऊन गेलो होतो. ताई भावोजींना म्हणाली, "अहो, काढा त्या चादरी. प्रेतं ठेवल्यासारखी दिसताहेत. आणि ती मोरपंखी पाकिटातली तबकडी लावा. दुसरी बाजू."

भावोजी थबकले. त्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला पूरिया होता आणि तो त्यांचा जीव की प्राण. "तुला गो कशी ठाऊक?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही बसून ऐकायचात, मी स्वयंपाकघरात उभ्याने ऐकायची. ती बाजू वाजून संपेपर्यंत आमटी होते. पहिलीपर्यंत भात."

तीस-पस्तीस वर्षं हा माणूस कुकरच्या शिट्टीवरून तिच्याशी भांडला होता. आपण पाहुण्यांना एकेकाला धरून जे ऐकवतो आहोत ते भिंतीपलीकडे कोणीतरी न बोलावता ऐकतं आहे, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांनी चादरी काढल्या. प्लेअरचा पट्टा सैल पडला होता, तो बदलण्यात दोन दिवस गेले. पण तबकडी लावून समोर बसायला ते तयार होईनात. ताईसाठी लावायचे आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन भाजी चिरायचे, कारण आता ते खातं त्यांच्याकडे होतं.

आठवड्याभराने मी गेलो तर भावोजींनी मला हाताला धरून थेट शेगडीपाशी नेलं. बाहेर पूरिया चालू होता. "इथे उभा राहा. काय ऐकू येतं?" मी आता खोटं बोलणार नव्हतो. म्हटलं, आवाज येतो, ठेका येतो, बाकी गोल गोल येतं. त्यांचा चेहरा उजळला. "येणारच. वरच्या पट्टीतला आवाज कोपऱ्यावरून वळत नाही. खालचा वळतो. म्हणजे या जागी तुला, मला, कोणालाही सारखंच ऐकू येतं. आणि हिने सगळं इथून ऐकलं. तरी तिला पाठ आहे." वर्गात शोभेल अशा आवाजात त्यांनी हे सांगितलं आणि लगेच पाठ फिरवून फोडणीकडे बघू लागले. फोडणी जळाली होती. ती तशीच आमटीत गेली.

ताईचं प्लास्टर निघाल्यावर त्यांनी तिला विचारलं की तुला स्वतःला काय ऐकायचं आहे. हा प्रश्न त्या घरात पहिल्यांदा विचारला गेला असावा. ताईने एक जुनं भावगीत सांगितलं. आमच्या लहानपणी रेडिओवर लागायचं आणि आमची आई दळण निवडताना त्याच्याबरोबर गुणगुणायची. भावोजींच्या संग्रहात असली गाणी येणं म्हणजे सोवळ्यात चप्पल. पण त्यांनी मुंबईतल्या दोन जुन्या मित्रांना कामाला लावलं आणि ती छोटी तबकडी पोस्टाने आली, पाकीट फाटलेलं, तबकडीवर ओरखडे.

त्या रविवारी सकाळी मी तिथे होतो. भावोजींनी तबकडी लावली आणि पहिल्यांदाच ताईशेजारी, अजून बाहेरच्याच खोलीत असलेल्या तिच्या खाटेच्या कडेला बसले. गाणं सुरू झालं. थोड्या वेळाने त्यांनी तिच्याकडे झुकून विचारलं, "सूर येतोय, शब्द पुसट होताहेत. काय म्हणते ती?" ताईने ओळ सांगितली, अगदी हळू, गाण्याच्या आड न येता. पुढची ओळ आली, तीही सांगितली. भावोजी स्पीकरांकडे बघत नव्हते. ते तिच्या ओठांकडे बघत होते.

ताई आता सत्तरीची आहे. तिचेही कान किती दिवस साथ देतील कोण जाणे, आणि मी तर त्या घरातला जुना खोटारडा. पण त्या सकाळी तिने एकही शब्द सोडला नाही. आमच्या आईला शेवटचं कडवं कधीच येत नसे, तिथे ती नुसती हुंकार भरायची. ताईला ते येत होतं. गाणं संपलं, सुई वर उचलली गेली, आणि भावोजी म्हणाले, "पुन्हा लावू?"