गाडी बघायला आलेला पाहुणा

विमा कंपनीच्या माणसाला आमच्या घरी पोहे, चहा आणि वरून बडीशेप देण्यात आली. त्यानं काही मागितलं नव्हतं. तो गाडी तपासायला आला होता.

हे सगळं घडलं माझ्या हुशारीमुळं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, बी. कॉम. झालेली मी पहिली आणि चारचाकी घेणारीही मीच पहिली. (आई हे भाजीवाल्यालासुद्धा सांगते, तेव्हा तुम्हाला सांगायला हरकत नाही.) वाळूजच्या एका कारखान्यात हिशेबाच्या खात्यात नोकरी लागली आणि मी गंगापूरच्या एका निवृत्त गुरुजींकडून त्यांची छोटी पांढरी गाडी घेतली. गुरुजींनी ती इतकी जपली होती की सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलं नव्हतं. फक्त डाव्या बाजूच्या मागच्या दारावर परातीएवढा पोचा होता. तो कशानं पडला, असं विचारल्यावर गुरुजी म्हणाले, "बैल." त्यांचा चेहरा बघून मी पुढं काही विचारलं नाही.

गाडी माझ्या नावावर झाली. गुरुजींनी काढलेला विमा संपायला थोडे दिवस बाकी होते. एखाद्या साध्या माणसानं तेवढ्यात नवा विमा काढला असता. पण मी कॉमर्सची! मी सगळ्यात स्वस्त विमा शोधायला घेतला.

विमा पाहिजे तर होताच. आम्ही बौद्ध, आमच्यात गाडीला लिंबू-मिरची बांधत नाहीत. शेजारच्या काकूंनी मायेनं आणून दिली, ती आईनंही मायेनं घेतली आणि लिंबाचं सरबत, मिरचीचा ठेचा केला. म्हणजे आमच्या गाडीचं रक्षण करायला विम्याशिवाय जगात दुसरं कुणी नव्हतं. त्यात माझं लायसन इतकं कोरं की गल्लीतून गाडी काढताना मी हॉर्न वाजवायच्या आधी "सरका हो" म्हणायचे.

पहिल्यांदा आम्ही तिघं गेलो सलीमभाईंकडं. आरटीओसमोर छत्रीखाली टेबल मांडून ते विमे काढतात. माणूस गोड. त्यांनी विचारलं, गाडी कधीपासून चालवता? मी म्हटलं, महिना झाला. सलीमभाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा बाबांकडं बघितलं आणि मोठा कागद काढला.

"बाजी, तुमकू तो फुल होना. उसके उप्पर टायर का होना, इंजिन का होना, चावी का होना."

चावी हरवली तर कंपनी नवी देते, हे ऐकून आई म्हणाली, "चावी माझ्या पदराला असती. पदराचा इमा नको."

मग स्वस्तात स्वस्त काय, असं विचारलं तर त्यांनी थर्ड पार्टी सांगितला. त्यात आपण कुणाला धडकलो तर त्याची भरपाई कंपनी देते, आपल्या गाडीला काही मिळत नाही. बाबा गवंडी आहेत. आयुष्यभर दुसऱ्याची घरं बांधली, त्यामुळं हा व्यवहार त्यांना ओळखीचा वाटायला हवा होता. पण ते चिडले. "पैसे आपण भरायचे अन् भरपाई त्यानं घ्यायची? मग त्यालाच भरू दे की." सलीमभाईंनी बाबांना पाणी दिलं.

मी माझा हुकमाचा पत्ता टाकला. गुरुजींनी कधी एकदाही भरपाई मागितली नव्हती, म्हणजे त्यांची भलीमोठी सवलत जमली होती. ती मला द्या. सलीमभाई म्हणाले, ती सवलत गाडीला नसते, माणसाला असते. गुरुजी दुसरी गाडी घेतील तेव्हा तिथं वापरतील.

"म्हंजी पुण्य घेऊन गेले अन् पोचा ठिवून गेले," आई म्हणाली.

तिथून पुढं मी पेटले. परवडेल असा फुल विमा काढीन तरच नावाची सुजाता! जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या जिन्यात बसून मी एकेका कंपनीला फोन लावायचे. डबा एका मांडीवर, वही दुसऱ्या मांडीवर. टायर काढा, इंजिन काढा, चावी तर काढाच. एका कंपनीतली मुलगी माझा आवाज ओळखायला लागली, फोन उचलला की आधी विचारायची, "ताई, आज काय काढायचं?" शेवटी एक कंपनी सापडली. वर्षात गाडी कमी चालवणार असाल तर फुल विमा कमी पैशात. मी तर गाडी आठवड्यातून एकदा काढायचे, तीही भीत भीत. हा विमा जणू माझ्यासाठीच जन्माला आला होता.

मी विजयानं पैसे भरायला बसले, आणि कळलं की मी भाव करत असतानाच गुरुजींचा विमा संपला.

आता नियम असा की मध्ये खंड पडला तर कंपनीचा माणूस येऊन गाडी बघणार, फोटो काढणार, आणि त्यानं होकार दिला तरच विमा. तो शनिवारी सकाळी येणार होता. आणि रविवारी आम्हाला गावी जायचं होतं.

इथं गावाचं सांगायला पाहिजे. लासूर स्टेशनच्या अलीकडं आमचं गाव. तिथं माझ्या चुलत्यांनी, म्हणजे नानांनी, नवं घर बांधलं. बांधलं अर्थात बाबांनी. रविवारी गृहप्रवेश होता. बाबांनी गावात प्रत्येकाला सांगून ठेवलं होतं, की या वेळेस यष्टीनं येणार नाय, पोरीच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून येणार. त्यासाठी त्यांनी नवा शर्टही शिवून घेतला होता.

"विमा नाही तर गाडी निघणार नाही," मी सांगितलं.

"एका दिवसानं काय व्हतंय? कोण इचारतंय तिथं?"

"मी विचारतेय, बाबा."

मला शिकवल्याचा बाबांना पहिल्यांदाच पश्चात्ताप झाला असावा. मग हळूच म्हणाले, "मग त्या माणसानं गाडी पास करायलाच पाहिजे." आणि त्यांनी आईकडं बघितलं. आईनं मान डोलावली. या मान डोलावण्याकडं मी लक्ष द्यायला हवं होतं.

आमच्या घरी आजवर बघायला माणसं आली ती दोन आत्यांना आणि एका मावशीला. त्या कामात आई पक्की आहे. कुणाला उजेडात बसवायचं, कुणाचं काय झाकायचं, पाहुण्याचं तोंड कशानं गोड करायचं, हे तिला कुणी सांगावं लागत नाही. आता गाडी बघायला येणारा माणूस तरी वेगळा कसा असेल, हा तिचा साधा हिशेब.

शनिवारी तो आला. हेल्मेट काढलं, तर माझ्याच वयाचा, सभ्य, घाईत. आईनं त्याला अंगणात खुर्ची दिली, हातात पोह्यांची बशी दिली, आणि गाव कोणतं, घरी कोण कोण असतं, हे विचारून घेतलं. तो सिल्लोडचा निघाला. आईनं माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, ही आता एका खर्चात दोन कामं करते की काय!

"काकू, आधी गाडी बघू का?"

आमच्या गाडीवर आईनं जुन्या साड्या जोडून शिवलेलं पांघरूण असतं. बाबांनी ते एका बाजूनं हळूहळू उचललं. त्या माणसानं नुसतं बघत राहावं असाच तो क्षण होता. पण बघत राहिले मी. कारण मागच्या दारावरचा पोचा गायब होता!

मी बाबांकडं बघितलं. बाबा आभाळाकडं बघत होते.

आदल्या दिवशी मी कामावर असताना त्यांनी भिंतीला लावायची पुट्टी पोच्यात भरली होती. पुट्टीच्या पट्टीनं ओढून, घासून, वर पांढऱ्या रंगाचा हात मारून. आयुष्यभराचं कसब त्या दारावर उतरलं होतं. काम इतकं सफाईदार की बाकीची गाडीच पोचे पडल्यासारखी दिसत होती.

तो माणूस गाडीभोवती फिरला. मागच्या दाराशी थांबला, उकिडवा बसला, बशी गुडघ्यावर ठेवली, आणि बोटानं दार वाजवलं. पत्र्याचा आवाज आला नाही. भिंतीचा आला. त्यानं पुन्हा जरा जोरात वाजवलं, आणि परातीएवढी पांढरी पापडी अख्खीच्या अख्खी सुटून त्याच्या पोह्यांवर पडली.

मग आई आत वळून म्हणाली, "थांबा, दुसरी बशी आणते."

लाजेनं माझे कान तापले. एवढं शिकून, एवढं नियमाचं बोलून, फसवाफसवी माझ्याच दारावर! मी ठरवलं, आता काहीही लपवायचं नाही. मीच त्याला गाडीभोवती फिरवलं. हा बंपरवरचा ओरखडा, ही आरशाची चीर, हे तुम्ही बघितलं नाही ते बघा. फोटो काढून त्याचा हात दुखला. "ताई, एवढं नाही लागत," तो म्हणाला. मी म्हटलं, लिहा. पोच्याचे तर मी चार बाजूंनी फोटो काढून घेतले.

"हे जुनं नुकसान म्हणून लिहितो," तो म्हणाला. "गाडी पास होईल, पण या जागेची भरपाई कधी मिळणार नाही बरं का."

"नको," मी ऐटीत म्हटलं. "त्या जागेला अजून काय व्हायचं राहिलंय?"

दुसरी बशी संपवून तो गेला, आणि संध्याकाळपर्यंत विमा माझ्या मोबाइलवर आला. फुल. परवडणारा. बाबांनी तो चष्मा लावून बघितला. इंग्रजी त्यांना येत नाही, पण माझं नाव कुठं आहे ते विचारून त्यावर बोट ठेवलं.

रविवारी आम्ही निघालो. बाबा पुढच्या सीटवर, नव्या शर्टात. वाटेत आम्हाला यष्टीनं मागं टाकलं, काळीपिवळीनं टाकलं, उसाच्या ट्रॅक्टरनंही टाकलं आणि टाकताना गाडी बंद पडली का, असं विचारलं. मला पर्वा नव्हती. माझ्या मागं अख्खी कंपनी उभी होती.

गावात नानांच्या दारात सगळी मंडळी जमलेली. बुद्धवंदना व्हायची होती, पण गाडी आली म्हणून सगळे बाहेर. नाना म्हणाले, गाडी फाटकातून आत घ्या, फोटोत घराबरोबर दिसली पाहिजे, आणि तोंड रस्त्याकडं पाहिजे. म्हणजे मागं घेणं आलं. मी मागं घ्यायला लागले आणि गावातला प्रत्येक पुरुष एकदम गाडी चालवायला लागला. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे." सगळे एकाच वेळी सांगत होते. मीही येऊ दिली.

धाडकन आवाज झाला तेव्हा कुठं ते "येऊ दे" थांबलं.

बाबा उतरले. आधी त्यांनी फाटकाचा खांब बघितला. तो त्यांनी स्वतः बांधलेला. खालून वर हात फिरवला. टवकासुद्धा उडाला नव्हता. मग ते गाडीच्या डाव्या बाजूला, मागच्या दाराशी गेले. गुरुजींच्या बैलानं जिथं मारलं होतं, बरोबर तिथं, रेघभरही इकडंतिकडं न होता, पोचा आता परातीऐवजी घमेल्याएवढा झाला होता. गाडीवर दुसरीकडं कुठंही ओरखडा नाही. कुठंही लागलं असतं तरी कंपनीनं दिलं असतं, या एका जागेला सोडून. आणि त्या जागेचे चार बाजूंनी फोटो मी स्वतः काढायला लावले होते.

नानांनी काळजीनं विचारलं, "लई नुकसान झालं का, दादा?"

बाबांनी नव्या शर्टाची कॉलर सरळ केली आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, "छ्या! शिकलेली पोरगी हाय माझी. पोचा बी जुन्या जागीच पाडती."