श्रीपत मोरेंची चालू नोकरी

उमरठचे श्रीपत मोरे माझ्या टायपिंगच्या दुकानात आले, तेव्हा त्यांचा घाम बघून मी आधी पंखा वाढवला. महाडच्या रंगाच्या कारखान्यात एकोणीस वर्षं बॉयलर सांभाळलेला माणूस, आणि बायोडाट्याच्या एका कागदाला घाबरत होता.

गणपतीनंतर कारखान्याने त्यांना कमी केलं, हे मला ठाऊक होतं. त्यांच्या पाळीतल्या दोघांचे बायोडाटे मीच टाइप केले होते. म्हणून मी लिहिलं, 'बॉयलर अटेंडंट म्हणून काम केले.'

"तसं नको गो सोनाली. 'करतो' लिव. घरी बसलेल्याला कोन घेतो?"

"काका, खोटं अंगाशी येईल."

"रखमाला पन ठाव नाय," ते बायकोबद्दल एकदम बोलून गेले.

सहा महिने ते रोज युनिफॉर्म घालून, डबा घेऊन एस.टी.ने महाडला येत आणि दिवसभर चवदार तळ्यापाशी बसत. मार्चमधल्या सत्याग्रह दिनाची गर्दी जमू लागल्यापासून कुणी ओळखेल म्हणून तोंडाला रुमाल बांधत. कारखान्याने दिलेले पैसे पगार म्हणून घरी देत होते, तेही आता संपले होते. मला राग आला आणि कीवही आली. शेवटी 'करतो' लिहिलं. चूक माझीच.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका कारखान्यात मुलाखत झाली. तिथल्या साहेबांनी कागद वाचून विचारलं, "तिथून कधी सुटाल? मला माणूस सोमवारपासून हवाय."

काकांची बोबडी वळली. खरं सांगावं तर कागद खोटा ठरतो. भीतीने तोंडातून निघालं, "महिना लागंल साहेब." जागा दुसऱ्याला गेली.

तिसऱ्या दिवशी ते रखमाकाकींना घेऊनच दुकानात आले. पांढरेफटक पडले होते.

"मला बोलवत नाय. तूच सांग गो हिला."

मी कशीबशी सुरुवात केली, "काकी, काकांची नोकरी..."

"ठाव हाय मला," काकी म्हणाल्या. "यांची कापडं मीच धुते. आधी पानी निळं-लाल व्हायचं. सहा महिने झाले, साफ निघतंय."

काका त्यांच्याकडे वळले. "मंग इचारलं का नाय?"

काकींनी पदर मुठीत आवळला.

"भ्याले मी. इचारलं असतं, तर खरं झालं असतं."