मोटर दांडगी, बॅटरी नाजूक

अकोट्यातले आमचे शेजारी तळ्यात रिमोटची बोट पळवतात, आणि बाहेर काढली की आधी बॅटरी गालाला लावून ताप बघतात. दांडग्या मोटरीला नाजूक बॅटरी दिली की ती बिचारी तापते, हे ते भाजीवाल्यालासुद्धा समजावतात.

"यंदा शर्यत हरलात तर बोट माळ्यावर," असं वहिनींनी बजावलं होतं बरं का. तरी ऐन शर्यतीआधी शेजाऱ्यांनी प्रतिस्पर्धी गुजराती भाईंची बोट उघडून पाहिली. "अरे भाई, एवढ्या मोटरीला ही बॅटरी? मरी जशे बिचारी, मरूनच जाईल." आणि आपली दमदार बॅटरी त्यांना देऊन, स्वतः जुनी लावून हरले.

"कोण जिंकलं?" वहिनींनी दारातच विचारलं.

"आपली बॅटरी."

बोट माळ्यावर गेलीच. भाईंनी परत आणून दिलेली ती बॅटरी मात्र वहिनींनी शोकेसमध्ये ठेवली.