दिवसा चांदण्या

"दिवसा चांदण्या दाखवू का?" आबा, म्हणजे माझे वडील, असं म्हणाले की माय मला कडब्याच्या खोलीत ढकलायची. "गप बस, मी आलेच," म्हणायची आणि बाहेरून कडी लावायची. पेडगावात घरामागं ती पत्र्याची खोली होती. पत्रे जुने, कुठूनतरी काढून आणलेले, खिळ्यांच्या भोकांनी चाळण झालेले. भर दुपारी उन्हाचे ठिपके माझ्या फ्रॉकवर पडायचे आणि बाहेरून मायचा आवाज यायचा. मला वाटायचं, आबा तिला खरंच चांदण्या दाखवायलेत, मला मात्र ह्या भोकांवर भागवावं लागतंय.

एकदा जेवताना मी म्हणाले, "आबा, मलाबी दाखवा की चांदण्या." मायच्या हातातला घास तसाच राहिला. त्या दिवशीही मार तिलाच पडला. त्या बोलण्याची लाज अजून जात नाही.

यंदा परभणीच्या कलाप्रदर्शनात मी तीच खोली उभी केली. तेच पत्रे, तेच दार, तीच कडी. आत भिंतींना काळी घोंगडी, त्यांवर बांगड्यांच्या काचांची आकाशगंगा. मार संपला की मी त्या काचा अंगणातून वेचून डब्यात टाकायचे. वरून मोठा दिवा सोडला. लोकांनी लय वाखाणलं. एक गृहस्थ तर विश्वाच्या उत्पत्तीवर बोलतच राहिले. म्हटलं, बोला बाबा. मी हे सगळं एका बाईसाठी केलं होतं. मायसाठी माझ्या घरी खोली तयार होती, नवी गादी घातलेली. तिनं हे बघावं आणि परत आबांकडं जाऊच नये, एवढंच मला पाहिजे होतं.

माय दुपारच्या एसटीनं आली. मी तिला आत नेलं. ठिपके तिच्या पदरावर पडले. तिनं काचांवरून बोट फिरवलं.

"ह्या हिरव्या माझ्या हायत."

"चांदण्या हायत त्या, माय."

"मला न्हाई बाई दिसली कधी एकबी."

"आता जाऊ नको. माझ्याकडं राहा. किती दिवस मार खाणार हायस?"

"आता कुठं मारतेत? अंथरुणावरून उठता येईना त्यांना. गोळीची वेळ झाली, पाणी कोण देईल?"

"मरू दे की."

मी मनापासून म्हणाले, मोठ्यानं. मायनं दाराकडं बघितलं, कुणी ऐकलं का म्हणून. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"गप बस. मी आलेच."

ती बाहेर गेली, दार ओढलं आणि सवयीनं कडी लावली.

मी दार वाजवलं नाही. ते वाजवायचं नसतं, हे मला पाचव्या वर्षापासून माहीत होतं.