वखारीतली शर्यत

देवाने माणसाला पाय चालायला दिले, असं जगाचं मत असेल. माझ्या आईच्या मते ते सांभाळायला दिले होते. पोलादपूरकडच्या डोंगरात आमचं घर. त्या एवढ्याशा घरात पायाने पाप करायला पुष्कळ जागा होत्या: सूप, केरसुणी, जातं, वाटेतच निजलेला धाकटा भाऊ. पण सगळ्यांत वर भात. अंगणात सांडलेल्या एखाद्या दाण्याला जरी पाय लागला, तरी तिथेच थांबायचं, वाकायचं, दाण्याला हात लावून तो कपाळाला टेकवायचा आणि मगच पुढचं पाऊल टाकायचं. विसरलं की पाठीत धपाटा. तो इतका वेळेवर येई की पुढे पुढे आई जवळ नसली तरी माझी पाठ आपली आपणच वाकू लागली.

हे सांगायचं कारण, एकोणीसशे तीसच्या सुमारास मला महाडच्या एका शाळेत कवायत मास्तराची नोकरी लागली आणि ती टिकते की जाते, हे शेवटी या धपाट्यांवर येऊन ठेपलं.

नोकरी हंगामी होती. वय तेवीस. कायम झालो तर महाडात एक खोली घ्यायची आणि आईला डोंगरावरून खाली आणायचं, असा माझा बेत. नाही झालो तर गावातल्या इतरांसारखी मुंबईची गिरणी. आमच्याकडच्या निम्म्या घरांतली एकेक जोडी हात तिकडेच होती. मला गिरणीची भीती वाटायची, हे आता या वयात कबूल करायला हरकत नाही. आईला मात्र मी कायम झाल्याचं आधीच सांगून टाकलं होतं, आणि तिने ते सगळ्या वाडीला सांगितलं होतं.

घोडं पेंड खात होतं ते डेप्युटीसाहेबांपाशी. शाळा तपासायला येणारे हे गृहस्थ पुण्याकडचे, कोट-बूट-फेट्यातले, आणि विलायती व्यायामाचे मोठे भक्त. आदल्या वर्षी त्यांनी शेरेबुकात लिहून ठेवलं होतं की मुलं कवायत बरी करतात, पण त्यांना धावताना पाहिलं नाही. पुढच्या भेटीत शर्यत दाखवावी. हेडमास्तरांनी तो शेरा माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "शर्यत झाली तर तुमचं नाव कायमसाठी पाठवतो. नाही झाली तर साहेब आहेत आणि तुम्ही आहात."

शहाणा डेप्युटी पावसाळ्यात महाडला येत नाही. आमचे डेप्युटी ऐन श्रावणात यायचे ठरले. सावित्रीचं पाणी मैदानावर येऊन मुक्कामाला बसलं होतं आणि जिथे मी धावायची रेघ आखणार होतो तिथे दोन म्हशी डोकी तेवढी वर काढून बसल्या होत्या. मी हेडमास्तरांना म्हशी दाखवल्या. ते म्हणाले, "शेऱ्यात म्हशींचा उल्लेख नाही."

तेव्हा मला आमच्या वाडीतला एक माणूस आठवला. तो मुंबईत साहेबलोकांच्या जिमखान्यात झाडलोट करायचा आणि शिमग्याला आला की तिकडच्या गोष्टी सांगायचा. तो म्हणे, विलायतेत बर्फ पडतं तेव्हा साहेब छपराखाली धावतात. अंतर थोडं, म्हणून जीव खाऊन धावायचं. आणि समोर भिंत येते, म्हणून भिंतीला गाद्या लावतात. आम्ही सगळे तेव्हा पोट धरून हसलो होतो. गाद्यांवर जाऊन आपटायला साहेबाने घर सोडून जावं कशाला, असं एका म्हाताऱ्याने विचारलं होतं. आता मला तो माणूस देवासारखा वाटला.

महाडात छपराखाली एवढी लांब जागा एकच होती, भाताची वखार. वखारीचे मालक मुसलमान व्यापारी होते, सगळे त्यांना शेट म्हणत. तांबूस दाढीचे, बोलायला गोड आणि आपल्या नावाला फार जपणारे. श्रावणात वखार जवळजवळ रिकामी असे. नवं भात यायला अवकाश, जुनं बरंचसं गेलेलं. मी आत जाऊन पावलं मोजली. बावन्न भरली. शेट म्हणाले, "मास्तर, खुशाल पळवा पोरं. पण पायताण बाहेर. इथे धान्य असतं."

"आमच्या पोरांच्या पायांत पायताण असतं कुठे, शेट?" मी म्हणालो.

पहिल्या दिवशी पहिलाच गडी भिंतीवर जाऊन आपटला आणि कपाळाला टेंगूळ घेऊन परतला. दुसऱ्या दिवशी सगळे निम्म्या वाटेतच हळू झाले. गाद्या तर आमच्या अख्ख्या शाळेच्या घरांत मिळून निघाल्या नसत्या. मग शेटनी भात भरडल्यावर उरलेल्या तुसाची पंधरा-वीस पोती दिली. ती भिंतीला लावून रचली आणि अगदी पोत्यांना लागून खडूची रेघ मारली. रेघेवर थांबायचं नाही, सरळ पोत्यांत घुसायचं, असं मी शिकवलं. मुलांना ते इतकं आवडलं की शाळा सुटल्यावरही घुसायला यायची. घुसलं की तुसाचा धुरळा उठे आणि वखारभर शिंका चालत.

खरी अडचण वेगळीच निघाली. वखारीच्या फरशीच्या सांध्यांत वर्षानुवर्षांचे भाताचे दाणे अडकलेले. माझा सगळ्यांत वेगवान गडी होता उमरठकडचा, उतारांवरून पळतच वाढलेला. त्याच्या पायांना चढ-उतार नसलेली जमीन म्हणजे सुट्टीच. हा सर्वांच्या पुढे सुटला आणि मधेच एकदम थांबून वाकला. मागचे चौघे त्याच्यावर येऊन पडले. त्या ढिगाखालूनही त्याचा हात कपाळापर्यंत गेलेला मी पाहिला.

"अरे, शर्यतीत नमस्कार करायचा नसतो," मी ओरडलो.

"मंग कवा करायचा, गुरुजी?"

"शर्यत झाल्यावर."

तो उठून बसला आणि विचार करून म्हणाला, "मंग त्यो दाणा कुठला व्हता, कसं कळायचं?"

खरं सांगायचं तर मी रागावलो होतो तो त्याच्यावर नव्हे. तो वाकला तेव्हा माझीही पाठ किंचित हलली होती. पण नोकरीपुढे हे असले लाड चालणार नव्हते. मी केरसुणी आणली. रोज शर्यतीआधी मी आणि पाच मुलं गुडघ्यांवर बसून सांध्यांतून दाणे टिपायचो. वखारीचे हमाल तंबाखू मळत बघत बसायचे. एकदा त्यांतला एक म्हणाला, "मास्तर, कोंबड्या पाळा, लवकर व्हईल." पण आठ दिवसांत फरशी लख्ख झाली आणि मुलं अशी धावू लागली की मला रात्री शांत झोप लागायला लागली.

डेप्युटीसाहेब आले त्या दिवशी पाऊस पत्र्यावर एकसारखा वाजत होता. दुपारीही वखारीत अंधार, म्हणून शेटनी दोन्ही टोकांना गॅसबत्त्या टांगल्या होत्या. हेडमास्तरांनी आणि मी दाराशी वहाणा काढल्या. साहेबांनी बूट काढले नाहीत. त्यांना ते सांगणार कोण? मी पलीकडच्या टोकाला बघितलं. पोती नीट, एका रेषेत, नेहमीपेक्षा टापटीप दिसली. मला बरं वाटलं.

पाचही मुलं ओणवी होऊन उभी राहिली. मी शिट्टी तोंडाशी नेली. तेवढ्यात शेट माझ्याजवळ आले. चेहऱ्यावर असा आनंद, जणू घरचंच कार्य. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "मास्तर, तूस काढून टाकलं. साहेब येणार आणि आपण तूस दाखवायचं? चांगलं जुनं भात लावलंय, गौरी-गणपतीसाठी राखलेलं. पोत्यांची तोंडंही उघडी ठेवलीत, दाणा दिसावा म्हणून."

पाच डोकी वर झाली. पाचांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मला काहीतरी बोलायचं होतं. पण साहेबांनी खिशातलं घड्याळ काढून हातात धरलं होतं. "हं, चालू द्या," ते म्हणाले. मी शिट्टी फुंकली.

मुलं धावली ती इमानाने धावली, हे मी आजही शपथेवर सांगेन. उमरठकरच पुढे होता. चाळीस पावलांपर्यंत मी मनाने महाडात खोलीसुद्धा घेतली. मग बत्तीच्या उजेडात उघड्या तोंडांच्या पोत्यांतला तो पिवळा दाणा चमकला आणि पाचही जण टाचा रोवून थांबू लागले. एक घसरून बसला. एकाने दुसऱ्याचा सदरा धरला. उमरठकर दोन्ही हात पसरून, अंग मागे टाकत, रेघेच्या अलीकडे वीतभर अंतरावर उभा राहिला. धूळसुद्धा उडाली नाही. मग पाचही जण रांगेत वाकले, पोत्यांना हात लावले आणि कपाळाला टेकवले. रेघ कुणीच ओलांडली नव्हती.

"पहिला कोण?" साहेबांनी विचारलं.

हेडमास्तरांनी घसा साफ केला. "तूर्त कुणीच नाही," ते म्हणाले.

शेटना मात्र गहिवर आला होता. "चांगल्या घरची मुलं आहेत," ते दोनदा म्हणाले.

साहेबांचा चेहरा उतरला आणि मग चढला. "मास्तर, मुलांना पोत्यांची भीती वाटते. तुम्ही धावून दाखवा. शेवटपर्यंत."

मी धोतर खोचलं. त्या वेळी माझ्या मनात काय होतं ते मला स्वच्छ आठवतं. भाताला छाती लागेल, पाय नाही लागणार. छाती लागल्याने काही बुडत नाही. आणि बुडालं तर बुडू दे, गिरणीत जाण्यापेक्षा बरं. मी धावलो. उभ्या आयुष्यात तसा धावलो नाही. पोती जवळ आली, मी डोळे मिटले, आणि पाठीत धपाटा बसला. मागे कुणी नव्हतं. आई वीस मैलांवर डोंगरात होती. तरी तो बसला. डोळे उघडले तेव्हा मी मुलांच्या शेजारी वाकून उभा होतो आणि माझा हात कपाळाला होता.

जित्याची खोड, दुसरं काय. मुलं माझ्याकडे अत्यंत समाधानाने बघत होती. मला रडू येईल असं वाटलं.

"हा काय खुळेपणा चालवलाय!" साहेब तरातरा चालत आमच्यापर्यंत आले. त्यांच्या बुटांचा आवाज वखारभर घुमला. "पोतं आहे हे. नुसतं पोतं. याला असं..." आणि लाथ मारून दाखवायला त्यांनी पाय उचलला.

बूट वर गेला तो वरच राहिला. आम्ही सगळे त्या बुटाकडे बघत होतो. साहेब एका पायावर किती वेळ उभे होते कोण जाणे. त्यांचं घड्याळ त्यांच्याच हातात होतं, पण त्याकडे पाहायला त्यांना सुचलं नसावं. मग बूट सावकाश खाली आला. त्यांनी आमच्याकडे पाठ केली, भात पारखतोय असं दाखवत दोन बोटं दाण्यांना लावली, आणि तोच हात फेट्याकडे नेला. फेटा मुळीच हलला नव्हता. वाटेत बोटं कपाळाला लागली, ती मी पाहिली, हेडमास्तरांनी पाहिली आणि उमरठकराने तर मान हलवून पसंतीही दिली.

"भात चांगलं आहे," साहेब शेटना म्हणाले आणि छत्री घेऊन निघाले.

ती रात्र मी कशी काढली ते विचारू नका. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी शेरेबुक माझ्यापुढे सरकवलं. सुंदर, वळणदार अक्षर. 'शर्यत छपराखाली घेण्यात आली. धावणे मध्यम. थांबणे उत्तम. कवायत मास्तरास कायम करण्यास हरकत नाही.' मी ते तीनदा वाचलं आणि हेडमास्तरांची परवानगी घेऊन एका कागदावर उतरवून घेतलं.

शनिवारी ओढे तुडवत घरी गेलो. आई सुपात तांदूळ पाखडत होती. मी कागद काढून तिला वाचून दाखवला. कायम झाल्याचं तिला नवल नव्हतं, ते तिला आधीपासूनच ठाऊक होतं. ती म्हणाली, "थांबायचा काय लिवलाय, ता पुन्हा वाच."

"थांबणे उत्तम," मी वाचलं.

तिने सूप खाली ठेवलं. "मंग साहेबाला कागद लिव रे. सांग, ता मी शिकवलाय."

"लिहितो," म्हणालो मी. पण साहेबाला असलं कोण लिहितं? लिहिलं नाही. पुढे आई खाली महाडला आली, माझ्याबरोबर बरीच वर्षं राहिली, आणि अधूनमधून विचारायची, कागद लिहिलास का रे? मी दर वेळी हो म्हणायचो. तो कागद आज लिहिला, तो हा.