देठ खुडलेली मिरची

१६ एप्रिल १९७८, रविवार. त्या दिवशीचं काम एवढंच होतं: भिवापूरहून, म्हणजे माहेराहून, आणलेलं मिरचीचं पोतं घरी पोचवायचं, संध्याकाळपर्यंत जमतील तेवढे देठ खुडायचे आणि सोमवारी सकाळी शाळेत जाता जाता मिरची कांडपावाल्या बाईकडे टाकायची. पैकी देठ तेवढे त्याच दिवशी खुडून झाले, आणि तेसुद्धा सगळेच्या सगळे. फक्त घरी नाही, पोलीस ठाण्यात.

सकाळी नॅरोगेजच्या छोट्या गाडीने नागपुरात इतवारीला उतरले, सायकल रिक्षा केली, पोतं पायाशी घेतलं. दोन चौक गेले असतील नसतील, एका शिपायाने रिक्षा अडवली.

"पोत्यात काय हाये?"

"मिरची."

"कोनाची?"

"माझी."

हे उत्तर त्याला पटलं नाही. मिरचीच्या एका व्यापाऱ्याचं पोतं आदल्या दिवशी चोरीला गेलं होतं आणि पोतं घेऊन जाणारा माणूस दिसला की आणा, असा हुकूम होता. माणसाऐवजी बाई सापडली. त्याने रिक्षा तशीच ठाण्याकडे वळवली. आमच्या गल्लीतल्या दोघी बाजारातून येत होत्या. त्यांनी मला पाहिलं. मी हात हलवला. हात हलवायला नको होता, हे पुढे कळलं.

ठाण्यात फौजदार होता. पुण्याकडून नुकताच बदलून आलेला, वयाने माझ्या धाकट्या भावाएवढा, कपड्यांना कडक इस्त्री.

"पावती दाखवा."

"भावाच्या शेतातली मिरची आहे. भाऊ बहिणीला पावती देतो का?"

"मग बसा त्या बाकावर."

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत."

"कोणत्या गुन्ह्यात बसू?"

"ते अजून ठरायचंय," तो म्हणाला, आणि हे बोलताना त्याला स्वतःलाही काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

बाकासमोर ठाण्याचा मोहरर बसला होता, म्हणजे लिखापढी करणारा हवालदार. निवृत्तीला आलेला, नाकावर चष्मा, पुढ्यात निळी आणि लाल अशा दोन दौती. त्याने काट्यावर पोतं तोललं, रिकाम्या पोत्याचं वजन वजा केलं आणि स्वतःशी बोलत लिहिलं: लाल वाळलेली मिरची, देठासह, पंधरा किलो, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुमचं काय?"

"माझी नोंद कुठे आहे?"

"बाई, पोतं जप्त हाये, म्हनून त्याची नोंद हाये. तुम्ही तं नुसत्या बसून राहिल्या. नुसतं बसल्याचा रकाना माह्या रजिस्टरमंधी नाही."

रिकाम्या हाताने मला बसता येत नाही. पंधरा मिनिटांनी मी पोत्याचं तोंड सोडलं, पदराची गाठ मारली आणि देठ खुडायला सुरुवात केली. मोहरर ताडकन उठला. "बाई, मुद्देमालाले हात नका लावू!"

फौजदार टोपी घालून बंदोबस्ताला निघाला होता. दारातूनच म्हणाला, "करू द्या हो. संध्याकाळपर्यंत इथंच आहेत त्या. हात चालला की तोंड तरी थांबेल."

हे वाक्य मी मनात पक्कं बसवलं. शिवणकाम शिकवणाऱ्या बाईला टाका कुठे पक्का घालायचा ते कळतं.

दुपारी बारापर्यंत सगळं ठाणं शिंकू लागलं. पंखा लावला की मिरचीची धूळ उडे, पंखा बंद केला की एप्रिलचं नागपूर अंगावर येई. एक शिपाई उठून पंखा लावायचा, शिंकायचा, बंद करायचा. दुसरा घाम पुसत पुन्हा लावायचा. कोठडीत जुगाराचा एकजण होता. तो गजांतून ओरडला, "मावशी, जुगारासाठी मिरचीची सजा काहून देऊन राहिल्या जी? जजसाहेबानं देली असती तं गोष्ट अलग होती!" मला हसू आलं आणि हसताना ठसका लागला. मोहरराने मला पाणी दिलं आणि दौतींवर झाकणं लावली.

साडेसहाला व्यापाऱ्याचा माणूस आला. चोरीला गेलेलं म्हटलेलं पोतं व्यापाऱ्याच्याच गोदामात, गुळाच्या ढेपांमागे सापडलं होतं. फौजदार माझ्याकडे न बघता म्हणाला, "जा तुम्ही."

शेवटची मूठ खुडायची राहिली होती. ती मी खुडली. उठले, तर मोहरर आडवा.

"असं कसं? मुद्देमाल परतीची नोंद कराव लागते."

त्याने मिरची तोलली आणि त्याचा चेहरा उतरला. "तेरा किलो आठशे! साहेब, मुद्देमालात बाराशे ग्रॅम तूट!"

"देठ तोला," मी म्हटलं.

त्याने बाकाखालचे देठ स्वतःच्या हाताने झाडून गोळा केले. अकराशे पन्नास ग्रॅम भरले. उरलेल्या पन्नास ग्रॅमसाठी तो पाच मिनिटं छताकडे बघत होता. मग शिंकला, समाधान पावला आणि लाल शाईने लिहिलं: पन्नास ग्रॅम धूळ, हवेत गेली. त्याखाली निळ्या शाईने, एकेक अक्षर कोरल्यासारखं: जप्तीवेळी मिरची देठासह, परत देतेवेळी देठविरहित, देठ वेगळे, खुडण्याचे काम मालकीणबाईंनी ठाण्यातच बाकावर बसून पूर्ण केले. वेळ सहा चाळीस. मी सही केली. त्याने मला शिक्का मारून नक्कल दिली. देठांची पुडीही दिली.

इथवर मी सगळं विसरायला तयार होते. पण सोमवारी गल्लीत मी चोर होते आणि बुधवारी शाळेत. मुलींच्या शाळेत मी सात वर्षं तात्पुरती शिवणशिक्षिका होते. दर जूनला नेमणुकीचं नवं पत्र, दर एप्रिलअखेर कामावरून कमी. त्या वर्षी कायम करायची फाइल कमिटीपुढे होती. मुख्याध्यापिका बाईंनी ती बाजूला सारली. "तुमचं ते पोलिसांचं आधी निस्तरा. काही लेखी आणा."

लेखी आणायला मी फौजदाराकडे गेले. तो म्हणाला, "तुम्हाला ठेवलंच नव्हतं, तर लेखी कसलं देऊ? तुम्ही अर्धा तास बसलात, घरी गेलात, संध्याकाळी पोतं घ्यायला आलात."

मग मी गल्लीतल्या म्हाताऱ्या वकिलांकडे गेले. त्यांनी मोहरराचा कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला आणि इतके हसले की आतून त्यांच्या बायकोने विचारलं, "काय झालं जी?"

"सोनं घेऊन आली बाई!" ते म्हणाले आणि मग मला समजावलं. फौजदार कायद्याप्रमाणे काही करत असेल तर कायदा त्याला सांभाळतो. पण कारण न सांगता, कुठेही नोंद न करता माणसाला दिवसभर बसवून ठेवणं हे सरकारी काम नाही. अंगात खाकी कपडा असला म्हणून ते सरकारी होत नाही. त्याच्यावर, त्या माणसावर, नुकसानभरपाईचा दिवाणी दावा करता येतो. आधी दोन महिन्यांची नोटीस, मग दावा. आणि सहा महिन्यांच्या आत, नाहीतर मुदत गेली.

"फौजदारावर दिवाणी?" माझे यजमान म्हणाले. त्यांना हे म्हशीला सायकलवर बसवल्यासारखं वाटलं. सासूबाईंना मात्र लगेच पटलं. "काहून नाही? त्यानं माह्या सुनेले बसोलं, आता त्याले बसवा कोर्टात."

नोटीस ठाण्यात पोचली तेव्हा मोहरराने तिची आवक नोंद केली आणि पोचपावतीवर स्वच्छ अक्षरात सही केली. वकील ती पावती महिनाभर सगळ्यांना दाखवत होते.

दावा मुदतीत दाखल झाला, पण त्या रविवारापासून सुनावणी उभी राहायला पावणेदोन वर्षं लागली. दिवाणी कोर्टात ही घाई समजतात. त्या काळात मला दोनदा तात्पुरतं पत्र मिळालं आणि फाइल तिथेच राहिली. फेब्रुवारी १९८० मध्ये साक्षी झाल्या.

फौजदाराने शपथेवर सांगितलं: पोतं ठाण्यात होतं, बाई नव्हती. मग मोहरर आला, तोवर निवृत्त झालेला, तरी कोट घालून. रजिस्टर उघडलं आणि देठांसकट, पन्नास ग्रॅम धुळीसकट सगळं खणखणीत वाचलं. फौजदाराच्या वकिलाने विचारलं, "बाईंची वेगळी नोंद आहे?"

"नाही साहेब."

"म्हणजे बाई नव्हत्या."

"मी जे लिवतो ते पाहून लिवतो, साहेब. देठ कोनं काहाडले ते लिवलं हाये. देठ आपोआप निंगत नाही."

तेव्हा त्या वकिलाने नवा मुद्दा काढला. पंधरा किलो मिरची खुडायला असा कितीसा वेळ लागतो? बायकांच्या हाताला वेग असतो. अर्ध्या तासात सहज होईल.

न्यायाधीश आमच्याच भागातले होते, पारशिवनीकडचे. त्यांनी पेन खाली ठेवलं. आमच्या वकिलांनी पिशवीतून वाळलेली मिरची काढली, कोर्टाची परवानगी मागितली आणि सासूबाईंना पिंजऱ्यात उभं केलं. पाव किलो तोलून दिली, पट्टेवाल्याने घड्याळ धरलं. सासूबाईंनी चष्मा चढवला आणि सुरू झाल्या. मिरची खुडताना त्यांचा हात कसा चालतो ते बघायला अख्खी गल्ली येत असे. इथे तर कोर्ट बघत होतं. बोटं दिसत नव्हती, नुसता टकटक आवाज. चौथ्या मिनिटाला पहिली शिंक स्टेनोला आली. मग पट्टेवाला. मग मागचे दोन अशील. न्यायाधीशांनी रुमाल नाकाला लावला आणि मान हलवून पुढे चालू द्या म्हणाले.

"सहा मिनिटं," पट्टेवाला कसाबसा म्हणाला.

मी मनात हिशेब केला. साठ पाव, सहा मिनिटं: सहा तास. मी तर आठ तासांवर बसल्याचं सांगितलं होतं.

फौजदाराचा वकील खूश झाला. "म्हणजे सहा तासच! बाईंनी आठ सांगितले. दोन तासांचं खोटं!"

सासूबाईंनी हात झटकले. "ते माह्या हातानं सहा तास, बाबू. हिचा हात लय जड हाये. लगन होऊन आली तवापासून सांगून राहिली, वं, दोन बोटानं देठ धर, मुठीनं नको. ऐकते का? हिले आठच तास लागन. साडेआठ नाही लागले हेच नशीब!"

न्यायाधीश हसू दाबत होते आणि शिंकही, दोन्ही एकदम दाबता येत नाहीत. फौजदारही शिंकला, आणि मग हसला. मी तिथे, वादी म्हणून, इतकी हसले की माझ्या वकिलांनी मला खाली बसवलं. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती. सासूबाईंचं ते एक वाक्य मी रोज ऐकत आले होते आणि रोज चिडत आले होते.

मग आमच्या वकिलांनी फौजदाराला पुन्हा उभं करून उलटतपासणीत एवढंच विचारलं, की "करू द्या हो, संध्याकाळपर्यंत इथंच आहेत त्या" असं आपण म्हणालात का? त्याने मोहरराकडे पाहिलं. मोहरर आपल्या कोटाच्या बटणाकडे पाहत होता. "म्हणालो असेन," फौजदार म्हणाला.

निकाल त्याच महिन्याअखेरीला लागला. बाईंना सकाळी दहा वीसपासून संध्याकाळी सहा चाळीसपर्यंत बेकायदेशीरपणे अडवून ठेवले. चोरीशी त्यांचा संबंध नव्हता. भरपाई दोनशे रुपये, ती प्रतिवादीने स्वतः द्यावी, सरकारने नव्हे. पाचशे मागितले होते. मला रकमेचं काही नव्हतं. मला "चोरीशी त्यांचा संबंध नव्हता" एवढी ओळ हवी होती, ती न्यायाधीशांनी दोनदा लिहिली होती.

बाहेर व्हरांड्यात फौजदार जवळ आला. "बाई, तेव्हाच सॉरी म्हटलं असतं तर?"

"तर घरी गेले असते," मी म्हटलं.

रिक्षात मी आणि सासूबाई. कोर्टापासून आमच्या महाल भागापर्यंत आम्ही बोललो नाही, कारण बोलायला तोंड उघडलं की हसू फुटे. रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून पाहिलं. घराच्या वळणावर सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "जड हाताची हाये म्हनून जिंकली वं तू. हलक्या हाताची असती तं हरली असती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोर्टाचा नकला देणारा विभाग उघडायच्या आधीच जाऊन उभी राहिले आणि निकालाच्या तीन प्रमाणित नकलांचा अर्ज दिला. कारकुनाने विचारलं, तीन कशाला? एक शाळेच्या फाइलला, मी म्हटलं, एक घरी सासूबाईंना, आणि एक निवृत्त मोहररांना पोस्टाने; त्यांच्या रजिस्टरात पोत्याची नोंद आहे, माझी राहिली आहे. मग शाळेत गेले, मुख्याध्यापिका बाईंच्या टेबलावर अर्जाची पावती ठेवली आणि आठवीच्या मुलींना काजं करायला शिकवलं. दोन बोटांनी सुई धरा, म्हटलं, मुठीत नको.