त्याला सांग

२०१६ च्या पावसाळ्यानंतर आमच्या हौशी मंडळींनी तलासरीत एक नाटक केलं. माझ्याकडे दोन कामं होती, सामानाची यादी आणि प्रॉम्प्टिंग. नोकरीत मी आवक-जावकचं टेबल सांभाळते. कुठून काय आलं, कुठे काय गेलं, ते त्याच दिवशी लिहून ठेवायचं. त्यामुळे दोन्ही कामं मला जड नव्हती.

दिग्दर्शक सरावलीचे, शाळेत शिक्षक. वयाने माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, पण सगळे त्यांना सर म्हणत, म्हणून मीही म्हणे. नाटक त्यांनी स्वतः लिहिलं होतं. पात्रं तीनच. बाप, मुलगा आणि मुलगी. बाप आणि मुलगा एका घरात राहतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. जे काही बोलायचं ते मुलीच्या मार्फत.

पहिल्या तालमीला बाप आणि मुलगा एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले आणि दात-ओठ खाऊ लागले. सरांनी थांबवलं.

"भांडण दाखवू नका," ते म्हणाले. "भांडण होऊन वर्षं झाली. आता घरात व्यवस्था लागली आहे. ती दाखवा."

"व्यवस्था म्हणजे काय, सर?" बापाचं काम करणाऱ्या गृहस्थांनी विचारलं. ते चिकूच्या वाडीत मुकादम होते. आवाज दमदार, पाठांतर शून्य.

सरांना नीट सांगता येईना. मी कोपऱ्यात वही घेऊन बसले होते. मीच बोलून गेले, "म्हणजे दोघांच्या चपला दाराच्या दोन बाजूंना. चहा एकाच पातेल्यात, पण बाप कप घेऊन ओटीवर गेला की मगच मुलगा चुलीपाशी येणार. रेडिओवर हवामानाच्या बातम्या लागल्या की दोघंही ऐकणार. एक रेडिओपाशी, दुसरा भिंतीपलीकडे."

सर माझ्याकडे बघत राहिले. "ताई, हे लिहून द्याल?"

मी लिहून दिलं. दोन पानं झाली. कुठून आणलं ते सांगितलं नाही.

आमचं घर डहाणूच्या किनाऱ्यावर. बाबांची स्वतःची होडी होती. दादाने ती सोडली आणि गुजरातच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून गेला, तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. घरची होडी असताना मुलाने दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी व्हावं, हे बाबांना सोसलं नाही. त्या दिवसानंतर त्यांनी त्याचं नाव घेतलं नाही. तो खलाशी, असंच म्हणत. दादा पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की घरी यायचा आणि पलीकडच्या खोलीत राहायचा. मध्ये कुडाची भिंत. कारवीच्या काड्या आणि वर शेणमातीचा लेप.

"त्या खलाशाला सांग, नारळ सोलायला बसलाय की नारळाशी लग्न लावतोय?" बाबा म्हणायचे.

मी पलीकडे जाऊन सांगायचे, "दादा, बाबा म्हणतात नारळ राहू दे, हात कापेल."

"त्यांना सांग, माझा हात आहे, कापला तर मला कापेल."

मी परत येऊन सांगायचे, "बाबा, तो म्हणतो सांभाळून करतो."

आई असताना ती हे काम करायची. तिच्यानंतर माझ्याकडे आलं. वहिनी सासऱ्यांसमोर तोंड उघडत नसे, डोक्यावरचा पदरही खाली येऊ देत नसे. माझं लग्न होऊन मी मसोलीला गेले तरी दर पावसाळ्यात माझी ही ड्यूटी सुटली नाही. रविवारी सकाळी गेलं की आठवड्याचे निरोप तुंबलेले असायचे.

बाबा २०१४ ला गेले. शेवटचे चार दिवस दवाखान्यात होते. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं. दादा बाहेर बाकावर बसला होता. बाबांचा आवाज बारीक झाला होता, पण शब्द स्पष्ट होते.

"त्या खलाशाला सांग, माझं मडकं त्याने धरायचं नाही."

मी बाहेर आले. दादा उभा राहिला.

"काय म्हणाले?"

"बाबा म्हणतात, मडकं तूच धर."

दादा तिथेच खाली बसला आणि तोंडावर रुमाल धरून रडला. दोन दिवसांनी प्रेतापुढे विस्तवाचं मडकं धरून तोच चालला. नंतर त्याने हे सगळ्यांना सांगितलं. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, बाजारात मासे घ्यायला आलेल्या ओळखीच्यांनाही. "एवढी वर्षं बोलले नाहीत, पण शेवटी मला बोलावलं हां. मडकं तूच धर म्हणाले." गुडघे गेल्यामुळे त्याने बोट सोडली, केस पांढरे झाले, पण हे सांगताना तो जरा ताठ बसायचा. मी तिथे असले की माझ्याकडे वळून म्हणायचा, "विचारा हिला."

मी मान हलवायचे.

माझ्या कामात कागद फिरवला तर नोंद करावी लागते. या निरोपाची नोंद कुठेच नव्हती. कदाचित म्हणूनच तो माझ्याच डोक्यात राहिला. जीपमध्ये बसलेली असताना, भाजी निवडताना, कधी शिक्का मारताना हात वर असायचा आणि मागून ऐकू यायचं, "त्याला सांग." मी एकदा खरंच वळून बघितलं होतं. मागे कपाट होतं.

तालमी पुढे सरकल्या तसं हे वाढलं, कारण सरांनी नाटक त्या मधल्या मुलीवर आणलं. आधी ती बाजूला उभी असायची. त्यांनी तिला बरोबर मध्ये आणलं. जमिनीवर खडूने रेघ मारली, एका टोकाला बाप, दुसऱ्या टोकाला मुलगा.

"बापाने सांगितलेलं प्रेक्षकांना ऐकू आलं पाहिजे, आणि मुलीने पोचवलेलंही. दोन्ही वेगळं आहे. ते कुठे बदलतं? या चालण्यात. घाईने जाऊ नका. नाटक या पावलांत आहे." मग माझ्याकडे वळून विचारलं, "किती ठेवू पावलं, ताई?"

"सात," मी म्हटलं.

विचार केलाच नव्हता. ओटीपासून पलीकडच्या दारापर्यंत सात पावलं होती. सरांनी ओल्या फडक्याने रेघ पुसून नवीन मारली.

शेवट मात्र त्यांनी गोड केला होता. नाटकभर मुलगी निरोप बदलत राहते, पण शेवटी आजारी बाप म्हणतो, "त्याला सांग, आज माझ्या शेजारी जेवायला बस." मुलगी सात पावलं चालते आणि पहिल्यांदाच निरोप जसाच्या तसा पोचवते.

"एकदा तरी तिला बदलावं लागू नये," सर म्हणाले. "बरं वाटतं ना?"

"बरं वाटतं," मी म्हटलं.

मुकादमांचं पाठांतर शेवटपर्यंत आलं नाही. "ताई, मला वाक्यं आठवत नाहीत, चिकूची झाडं आठवतात," म्हणायचे. मग त्यांनी सरळ माझ्यावर भार टाकला. विंगेतून जे येईल ते बोलायचं. एका तालमीत मी कुणाला तरी म्हटलं, "अहो, तो पंखा बंद करा," आणि मुकादम स्टेजवर मुलीला म्हणाले, "त्याला सांग, तो पंखा बंद करा." मुलीचं काम करणाऱ्या बाईंनी पदर तोंडात धरला. त्या दिवशी पुढची तालीम झालीच नाही.

प्रयोग दुपारी तीनचा ठेवला, कारण लोकांना हायवेवरून परतीच्या बस मिळाल्या पाहिजेत. बोलावण्यांची यादी माझ्याकडेच होती. दादा आणि वहिनी तिच्यात नव्हते. आदल्या दिवशी दादाचा फोन आला, "गावात सगळ्यांना बोलावलंस आणि आम्हाला काय, आमंत्रणपत्रिका छापून आणणार आहेस?" मग मी यादीच्या तळाला दोन नावं वाढवली.

दोघं तिसऱ्या रांगेत बसले होते. विंगेतल्या फटीतून मला दादाचे गुडघे आणि मांडीवरची टोपी दिसत होती.

नाटक चांगलं चाललं होतं. सामानातलं काही विसरलं नव्हतं. मुकादम माझ्यामागून एकेक वाक्य उचलत होते. शेवटचा प्रवेश आला. बाप खाटेवर, मुलगी उशाशी. मुकादम "त्याला..." म्हणाले आणि थांबले. त्यांनी मान जराशी माझ्याकडे वळवली.

माझं बोट बरोबर ओळीवर होतं. ओळ मला दिसतही होती. आज माझ्या शेजारी जेवायला बस. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "त्या खलाशाला सांग, माझं मडकं त्याने धरायचं नाही."

मुकादमांनी डोळे मिटले आणि भरल्या आवाजात, एकेक शब्द सोडत म्हटलं, "त्या खलाशाला सांग... माझं मडकं... त्याने धरायचं नाही."

आख्ख्या नाटकात खलाशी हा शब्द कुठेही नव्हता. नाटकातला मुलगा कारखान्यात कामाला होता.

मुलीचं काम करणाऱ्या बाई क्षणभर गोंधळल्या. मग त्या उठल्या, सात पावलं चालल्या आणि पाठ केलेलंच बोलल्या, "दादा, बाबा म्हणतात, आज त्यांच्या शेजारी जेवायला बस."

पडदा पडल्यावर टाळ्या उशिरा सुरू झाल्या आणि बराच वेळ चालल्या. सर धावत विंगेत आले.

"ताई, हे काय केलंत? अंगावर काटा आला माझ्या! आता हेच ठेवू."

"नाही," मी म्हटलं. "लिहिलंय तेच ठेवा. चूक झाली."

फटीतून बघितलं. तिसऱ्या रांगेतल्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.

दादा बाहेर, पाण्याच्या टाकीपाशी उभा होता. वहिनी थोडी दूर, पिशवी धरून.

"चहा घेतलास?" मी विचारलं.

"नाटकात खलाशी कुठून आला?"

"चुकून."

"कोणाच्या चुकीने?"

"माझ्या."

"आणि मडकं?"

त्याने टोपी घातली, परत काढली.

"घरातलं मला सगळं ऐकू यायचं," तो म्हणाला. "कुडाची भिंत ती. बाबा काय बोलायचे तेही, आणि तू येऊन काय सांगायचीस तेही. नारळाशी लग्न लावतोय म्हणे! मी इकडे हसायचो आणि तू येऊन गंभीर तोंड करून सांगायचीस, हात कापेल."

"मग कधी बोलला का नाहीस?"

"तुझं ऐकायला बरं वाटायचं." टोपीची कड चाचपत तो म्हणाला, "दवाखान्याची भिंत जाड होती. तेवढं एकच मी खरं धरलं होतं."

हायवेकडून बसचा हॉर्न ऐकू आला. दादा वहिनीला म्हणाला, "चल." माझ्याकडे न बघता, गुडघा सांभाळत, तो चालत गेला.

त्यानंतर त्याचा फोन आला नाही. मी केला तर वाजत राहायचा. भाऊबीज दोन आठवड्यांवर होती. मी नेहमीची यादी केली. नारळ, सुपारी, करदोडा, करंज्या. आदल्या दिवशी वहिनीचा फोन आला.

"वन्सं, ते म्हणतात, गुडघा दुखतोय, तर तुम्हीच या."

तिच्या मागे दादाचा आवाज ऐकू येत होता. शब्द कळत नव्हते. तो बोलायचा थांबला, मग थोडा वेळ गेला, आणि मगच वहिनी बोलली होती. तेवढा वेळ कशाला लागतो, ते मला कुणी सांगायला नको. तरी नक्की काय म्हणाला, असं मी विचारलं नाही.

मी गेले. कुडाची भिंत आता विटांची झाली आहे. दादा पाटावर बसला. मी निरांजन लावलं, कुंकू लावलं. तो समोर बघत होता, माझ्या खांद्यावरून, दाराकडे. ओवाळायला ताट उचललं तेव्हा ज्योत हलायला लागली.

"तिला सांग," दादा वहिनीला म्हणाला, "खोटं बोलताना हात हलला नाही, मग आताच काय झालं?"

आम्ही तिघं त्या एवढ्याशा खोलीत. माझ्यात आणि त्याच्यात ताटाएवढं अंतर. वहिनी, बाबांसमोर जन्मभर जिने तोंड उघडलं नाही ती, चुलीजवळून उठली, माझ्याजवळ आली आणि ताटाला खालून हात लावला.

"वन्सं," ती म्हणाली, "ते म्हणतात, दमला असाल, बसून ओवाळा."

मी दादाकडे बघितलं. त्याने ऐकलं होतं. त्याने मान खाली घातली आणि ओवाळून होईपर्यंत ती तशीच ठेवली. मी खाली बसले आणि ओवाळलं.